नगरच्या वाटेवर पॅलेस्टाइन

पुण्याहून नगरकडे जाणारा रस्ता शिरूरपाशी घोडनदी ओलांडतो, आणि तेथून पुढे मातीचा रंग, झाडांची उंची आणि माणसांच्या बोलण्यात येणारा पावसाचा उल्लेख या तिन्ही गोष्टी हळूहळू पालटू लागतात. पारनेरचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. ओढे रुंद पण कोरडे, माळ दूरवर पसरलेले, आणि त्या माळांवर आता कारखान्यांची पत्र्याची छपरे उन्हात चकाकणारी. जिल्ह्याचे नाव सरकारदफ्तरी अहिल्यानगर झाले आहे आणि ते याच जिल्ह्यातील चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या गौरवार्थ आहे. तथापि लोकांच्या तोंडी ते पूर्वीही नगर होते आणि आजही नगरच आहे, म्हणून पुढे मीही तसेच लिहितो.

ज्यू आणि अरब यांच्या झगड्याविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की ते वैर हजारो वर्षांचे आहे, धर्मग्रंथांतून आलेले आहे आणि म्हणूनच त्याला उपाय नाही, असे कोणीतरी हटकून म्हणतो. हे विधान ऐकून मला नेहमी अस्वस्थ वाटत आले आहे. ज्या वैराला आरंभ नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. आणि या झगड्याचा आरंभ तर सन आणि तारीख देऊन सांगता येतो. तो समजून घेण्यासाठी यरुशलेमपर्यंत जाणे सर्वांना शक्य नाही. परंतु आपल्याच दख्खनमध्ये, नगरच्या परिसरात, त्या इतिहासाचे इतके धागे येऊन पडले आहेत, की ते हाती घेत घेत जाणारा प्रवासी त्याच्या मुळापर्यंत पोहोचू शकतो, ही गोष्ट मला या प्रवासापूर्वी ठाऊक नव्हती.

रस्त्यावर लागणारे सुपे पारनेर तालुक्यातले. याच नावाचे दुसरे सुपे पुणे जिल्ह्यात बारामतीच्या बाजूस आहे, आणि १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जखते आणि कोर्टाचे हुकूमनामे बाहेर ओढून त्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदला गेलेला हा वणवा पाहता पाहता नगर जिल्ह्यात शिरला, आणि पारनेर, श्रीगोंदे या भागांतील गावांनी त्याचा अनुभव घेतला. त्याचे कारण जमिनीत होते. इंग्रजी अंमलाने मोजणी करून प्रत्येक शेत एकेका खातेदाराच्या नावे लिहिले, त्या लिहिण्यामुळे जमीन गहाण टाकण्याजोगी आणि विकण्याजोगी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जो तिच्यावर राबत होता त्याला एके दिवशी कोर्टाच्या कागदावरून कळले, की तो आपल्याच शेतात कूळ झाला आहे. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला तो या दंग्यांच्या धास्तीने.

हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला पॅलेस्टाइनमधील पहिली ठिणगी समजण्यास अवघड नाही. तुर्की सुलतानाच्या सरकारने १८५८ साली जमिनीचा नवा कायदा करून प्रत्येक जमीन कोणाच्या तरी नावे नोंदवण्याचा हुकूम काढला. तेथील पुष्कळ गावांत शेती सामाईक असे; काही वर्षांनी तुकडे पुन्हा वाटून घेण्याची वहिवाट होती. नोंद झाली म्हणजे महसूल वाढेल आणि घरातील तरुण पोर सैन्यात ओढले जाईल, या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी आपली नावे लिहू दिली नाहीत, आणि विस्तीर्ण जमिनी शहरातील प्रतिष्ठितांच्या किंवा बैरूतच्या सुर्सोक घराण्यासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या नावे चढल्या. नांगर पूर्वीप्रमाणेच चालत राहिला. मालक मात्र कागदावर दुसराच झाला. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाल्यावर तेथे ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या, आणि जीव घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी थोडे लोक १८८२ पासून पॅलेस्टाइनात येऊ लागले. त्यांच्या संस्थांनी या दूरस्थ मालकांना रास्त, पुष्कळदा चढी किंमत मोजून जमिनी विकत घेतल्या. कायद्याच्या दृष्टीने व्यवहारात खोट नव्हती. पण ताबा घेण्याची वेळ आली तेव्हा मालकाला ठाऊक नसलेला माणूस त्या जमिनीवर उभा होता.

१८८६ साली पेताह तिक्वा या वसाहतीत आणि शेजारच्या अरब खेडुतांत चराईवरून व वहिवाटीवरून दंगल झाली. राष्ट्रवाद हा शब्दही त्या वेळी त्या खेडुतांच्या कानी पडला नसेल. १९१० च्या सुमारास सुर्सोकांनी अल-फुला गावाची जमीन विकली, तेव्हा नाझरेथचा अंमलदार शुक्री अल-असली याने ताबा देण्यास नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून लेख लिहून त्या व्यवहाराचा बोभाटा केला; हायफातून निघणारे ‘अल-कर्मिल’ आणि याफ्यातून १९११ पासून निघालेले ‘फलस्तीन’ ही पत्रे याच काळातली. आमच्याकडील सावकाराशी तुलना येथे एका ठिकाणी थांबते, आणि ते ठिकाण फार महत्त्वाचे आहे. नगरच्या सावकाराला व्याज हवे होते, शेती नको होती. त्याने कुळाला लुबाडले, पण शेतातून घालवले नाही. पॅलेस्टाइनात आलेल्या ज्यू तरुणांना मात्र स्वतःच्या हातांनी माती कसायची होती. शतकानुशतके युरोपने ज्यांना जमीन धरण्याची मनाई केली त्यांना नांगर धरण्यात स्वतःचा उद्धार दिसत होता, आणि म्हणून मजूरही ज्यूच असावा असा त्यांचा आग्रह होता. १९०१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय निधीने घेतलेली जमीन पुन्हा विकावयाची नाही असा नियम केला. एका बाजूचा हा उदात्त ध्येयवाद दुसऱ्या बाजूच्या कुळाला कायमची हद्दपारी वाटला, आणि दोघांचेही वाटणे खरे होते. ही गोष्ट ज्यूंपैकी कोणालाच दिसली नव्हती असेही नाही: अहद हाआम या विचारवंताने १८९१ साली पॅलेस्टाइन पाहून आल्यावर आपल्या बांधवांना बजावले होते, की तो देश ओसाड नाही आणि तेथील अरबांना अज्ञानी समजून चालू नये.

नगर शहरात आल्यावर प्रथम बारा इमाम कोठला येथे गेलो. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली वसवलेले हे शहर थोड्याच वर्षांत बगदाद आणि कैरो यांच्या तोडीचे झाले, असे जुने इतिहासकार लिहितात. त्यात दरबारी अतिशयोक्ती असली तरी तुलनेसाठी त्यांना अरब जगातील शहरेच आठवली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बारा इमाम कोठला ही बुर्‍हाण निजामशहाच्या काळची विद्येची जागा; इराणातून परागंदा होऊन आलेल्या शाह ताहिर या पंडितासाठी ती उभी राहिली, आणि मोहरमच्या दिवसांत येथून निघणाऱ्या सवारीला आजही सर्व धर्मांची माणसे लोटतात. दगडी कमानी, मधले प्रशस्त आवार, भोवती शहराचा गलबला. मी येथे आलो होतो तो एका गोव्याच्या वैद्याच्या स्मरणाने.

त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याचे आईबाप स्पेनमधील ज्यू. १४९२ साली, म्हणजे नगरची स्थापना होऊन दोनच वर्षे झाली होती त्या वेळी, स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशातून हाकलले. हे कुटुंब पोर्तुगालात आले, आणि १४९७ मध्ये तेथेही ज्यूंवर बळाने ख्रिस्ती धर्म लादला गेला. ओर्ता १५३४ साली भारतात आला, गोव्यात स्थिरावला, मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले, आणि घाटावरच्या बुर्‍हाण निजामशहाशी त्याचा स्नेह जुळला. या दरबारातील हकीम अरबी ग्रंथ प्रमाण मानणारे, इब्न सिनाच्या परंपरेतले; त्यांच्याशी ओर्ता औषधींची नावे, गुण आणि उपचार यांविषयी चर्चा करीत असे, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या वनस्पतिविषयक ग्रंथात नगरच्या या सुलतानाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

या एका चरित्रात मला पुष्कळ काही सापडले. ज्यू वंशात जन्मलेला माणूस मुसलमान सुलतानाच्या नगरात मानाने बसतो, अरबी विद्येच्या हकिमांशी वाद घालतो, आणि त्याच्या अस्थींनाही शांती न देणारी सत्ता ख्रिस्ती युरोपची असते. हा अपवाद म्हणावा तर त्याच काळात स्पेनमधून निघालेल्या हजारो ज्यूंना तुर्की सुलतानाने आपल्या राज्यात आसरा दिला. त्याच्या तीनशे वर्षे आधी मैमोनिदीज हा ज्यूंचा थोर धर्मशास्त्री कैरोत सलाहुद्दीनच्या दरबाराचा वैद्य होता आणि आपले ग्रंथ बहुतांशी अरबीत लिहीत होता. मुसलमानी राज्यांत ज्यूंना समता होती असे मी म्हणत नाही. जिझिया होता, पोषाखाचे आणि साक्षीचे जाचक नियम होते, अधूनमधून दंगेही झाले. परंतु ते ज्या स्थितीत राहिले ती युरोपातील स्थितीपेक्षा बरी होती आणि तिला वैर हा शब्द लागू पडत नाही. बगदादचे ज्यू घरी अरबीच बोलत. त्यांच्यापैकीच डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस आला, आणि पुण्याचे लाल देऊळ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर ही त्याची देणगी. आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, त्यांच्या मराठी आयुष्यात तर ज्यू म्हणून छळ होण्याचा प्रसंग कधी आलाच नाही. तेव्हा हजारो वर्षांच्या वैराची कथा कोठून आली, हा प्रश्न कोठल्याच्या आवारात अधिकच तीव्र झाला.

त्याचे अर्धे उत्तर भुईकोट किल्ल्यात आहे. वर्तुळाकार तट, सभोवती रुंद खंदक, दगडाचे भक्कम बुरूज. चाँदबिबीने मोगलांविरुद्ध लढवला तो हाच, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने शिंद्यांकडून घेतला तोही हाच. त्या लढाईत शहराची पेठ लढवणाऱ्यांत शिंद्यांच्या चाकरीतील अरब शिपाई होते आणि त्यांनी निकराने झुंज दिली, ही नोंद इंग्रजांच्या कागदांत आहे. परंतु प्रवासी येथे येतो तो बहुधा १९४२ च्या आठवणीने. ९ ऑगस्टला पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद या किल्ल्यात डांबले गेले. त्यांत मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव होते. नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ १९४४ साली येथेच लिहिला. आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे येथलीच, आणि त्यांची पत्नी १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास वारली ती वार्ता त्यांना याच भिंतींआड कळली. त्या खोल्यांपुढच्या व्हरांड्यात उभे राहिल्यावर ध्यानात येते, की या बारा जणांतील दोघांचे पॅलेस्टाइनशी नाते निराळे होते. आझाद जन्मले मक्केत, १८८८ साली. त्यांची आई मदिनेच्या विद्वान घराण्यातली अरब स्त्री. आणि नेहरूंनी १९३३ साली, यापूर्वीच्या एका तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रमालेत पॅलेस्टाइनवर स्वतंत्र पत्र लिहिले होते. तो झगडा मुळात धर्माचा नसून साम्राज्याने निर्माण केलेला राजकीय पेच आहे हे त्यांचे मत होते, आणि ज्यूंच्या दुःखाविषयी त्यांच्या मनात कणव होती.

साम्राज्याने काय निर्माण केले? तीन कागद. १९१५ च्या ऑक्टोबरात कैरोतील इंग्रज अधिकारी मॅकमहन याने मक्केच्या शरीफ हुसेनला पत्र लिहून, तुर्कांविरुद्ध उठल्यास अरबांना स्वातंत्र्य देण्याचे, सीमा मोघम ठेवून, आश्वासन दिले. १९१६ च्या मे महिन्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांनी तोच मुलूख गुप्त तहाने आपसांत वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर याने पॅलेस्टाइनात ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय घर उभारण्यास आपल्या सरकारची अनुकूलता जाहीर केली. एकच वतन तिघांच्या नावे लिहून देणाऱ्या या दस्तऐवजांपैकी शेवटच्यात अरब हा शब्दच नाही. अरबांचा निर्देश ‘ज्यूंखेरीज इतर समाज’ असा आहे, आणि त्यांचे नागरी व धार्मिक हक्क राखण्याचे वचन आहे. राजकीय हक्कांचा उच्चार नाही. हे समाज म्हणजे त्या वेळी देशाची जवळजवळ नऊ दशांश प्रजा होती. १९२२ च्या शिरगणतीत साडेसात लाखांवर लोकसंख्येत ज्यू सुमारे ८४,००० होते.

या जाहीरनाम्याला इंग्लंडच्या सरकारात एका मंत्र्याने जिवाच्या आकांताने विरोध केला, आणि तो स्वतः ज्यू होता. आपण त्याला चांगले ओळखतो: माँटफर्ड सुधारणांतील एडविन माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानाला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याने केली, आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळापुढे निवेदन ठेवले, की ज्यूंचे निराळे राष्ट्र मानणे म्हणजे प्रत्येक देशातील ज्यूला परका ठरवण्याचे हत्यार त्यांच्या शत्रूंच्या हाती देणे होय. त्याच्या विरोधाने मसुदा सौम्य झाला, पण टळला नाही. आणि माँटेग्यू हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघून आला.

किल्ल्यातून सुटलेल्या नेत्यांच्या हाती राज्य आले तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच होता. खिलाफतीच्या चळवळीपासून हिंदी मुसलमानांचे लक्ष यरुशलेमकडे होते; मौलाना महंमद अली यांचे दफन १९३१ साली तेथेच झाले. गांधीजींनी १९३८ च्या नोव्हेंबरात ‘हरिजन’मध्ये लेख लिहून ज्यूंच्या छळाविषयी सहानुभूती आणि पॅलेस्टाइन अरबांचे आहे हे मत, दोन्ही एकत्र मांडली होती. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा सभासदांच्या समितीत भारतातर्फे न्यायमूर्ती अब्दुर रहमान होते. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी दोन स्वायत्त घटकांचे एक संघराज्य सुचवले. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला आणि भारताने विरुद्ध मत दिले. स्वतःच्या देशाच्या फाळणीचे रक्त तेव्हा सुकलेले नव्हते. संघराज्याची ती योजना न्याय्य होती, असे मला वाटते. पण ती दहा वर्षे उशिरा आली. हिटलरच्या संहारात साठ लाख माणसे गमावलेल्या ज्यूंना पुन्हा कोणाच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहा, असे सांगणे तोवर अशक्य झाले होते.

हे अशक्य का झाले, ते किल्ल्यालगतच्या भिंगारच्या छावणीत कळते. या प्रवासातील सर्वांत मोठा धक्का मला तेथे बसला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातील जर्मनांना नगरास आणून कोंडले होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले तेव्हा हीच रीत गिरवली गेली, आणि जर्मन व ऑस्ट्रियन पारपत्राचा प्रत्येक पुरुष शत्रू ठरवून नगरच्या तारेच्या कुंपणाआड धाडण्यात आला. त्यांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून मुंबई-कलकत्त्यास आलेले ज्यू डॉक्टर, व्यापारी, कारागीरही होते. न्यूरेंबर्गच्या १९३५ च्या कायद्यांनी ज्यांचे नागरिकत्व हिरावले, नोव्हेंबर १९३८ मधील एका रात्री ज्यांची प्रार्थनामंदिरे जळली, त्यांना त्याच जर्मनीचे प्रजाजन समजून कैद झाली. आणि याच छावणीत नांगा पर्बताच्या मोहिमेवरून पकडलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर होता, जो हिटलरच्या एस. एस. दलाचा सभासद होता. छळणारे आणि छळलेले एकाच छपराखाली. मुंबईच्या ज्यू साहाय्यक संस्थेने या निर्वासितांसाठी रदबदली केली, सर माल्कम डार्लिंगच्या सरकारी समितीने एकेकाची चौकशी केली, आणि पुष्कळ जण पुढे सुटले. उरलेल्या कैद्यांना १९४१ च्या सुमारास देवळालीस आणि तेथून देहरादूनला हलवण्यात आले.

या माणसांकडे पाहिले म्हणजे पॅलेस्टाइनचे आकडे निर्जीव राहत नाहीत. १९३३ नंतर जर्मनी आणि पोलंडमधून जीव मुठीत धरून निघालेल्यांना दारे बंद होती. अमेरिकेने १९२४ सालीच प्रवेशावर कडक मर्यादा घातल्या होत्या, आणि जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे जमलेल्या बत्तीस राष्ट्रांनी सहानुभूतीखेरीज फारसे काही दिले नाही. नेहरूंनी त्या काळात निर्वासित ज्यू डॉक्टर-तंत्रज्ञांना भारतात आसरा द्यावा असा आग्रह धरला होता, पण राज्य त्यांचे नव्हते. उरले पॅलेस्टाइन. एकट्या १९३५ साली तेथे ६० हजारांहून अधिक ज्यू उतरले. येणाऱ्याच्या दृष्टीने ती बुडत्याची शेवटची फळी होती. अरबाच्या दृष्टीने, आपल्याला न विचारता आपल्याच देशात आपल्याला अल्पसंख्य करण्याची ती चाल होती. १९२९ च्या ऑगस्टमध्येच यरुशलेममधील ज्यूंच्या पवित्र भिंतीच्या वादातून १३३ ज्यू आणि ११६ अरब मृत्युमुखी पडले होते. हेब्रॉनमध्ये शतकानुशतके अरबांच्या शेजारी राहिलेल्या वस्तीतील ६७ ज्यूंची कत्तल झाली, आणि त्याच गावातील काही अरब कुटुंबांनी शेकडो ज्यूंना घरात लपवून वाचवले. १९३६ ते १९३९ अरबांचे बंड चालले, ते इंग्रजांनी निर्घृणपणे मोडले, आणि मे १९३९ मध्ये अरबांना शांत करण्यासाठी ज्यूंचा प्रवेश पाच वर्षांत ७५,००० पुरता मर्यादित केला. युरोपातील ज्यूंना पळून जाण्याची सर्वाधिक निकड ज्या वर्षांत होती, त्याच वर्षांसाठी हा हुकूम होता. युरोपच्या पापाची किंमत अरबांनी द्यावी, आणि अरबांना दिलेल्या वचनाच्या भंगाची किंमत ज्यूंनी द्यावी, असा हा दुहेरी अन्याय आहे, आणि तो करणारे हात दोघांपैकी कोणाचेच नाहीत, हे मी येथे स्पष्ट लिहितो.

भारतीय चिलखती दलाचे केंद्र नगरला आहे, आणि १९९४ पासून तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. झाडांच्या सावलीत ओळीने उभे असलेले हे लोखंडी पशू पाहायला सहलीची मुले मोठ्या उत्साहाने येतात. रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार, सेंच्युरियन, फ्रेंच बनावटीचा एएमएक्स, पॅटन. घोडदळातून रणगाड्यापर्यंतचा हा वारसा सांगताना २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांनी घोडे फेकून हायफा घेतले, मेजर दलपतसिंग तेथे पडले, ही कथा अभिमानाने सांगितली जाते आणि ती अभिमानाचीच आहे. चार दिवस आधी शारोनच्या मैदानातील चढाईत १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. बाल्फोरचा कागद लिहिला गेला तेव्हा यरुशलेमही तुर्कांकडेच होते. तो कागद खरा करणाऱ्या तलवारींत आणि संगिनींत आपल्या माणसांचाही वाटा होता. म्हणून हा इतिहास परक्यांचा समजून दूर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सेंच्युरियन आणि एएमएक्स हे दोन्ही १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलकडे होते, पॅटन इस्रायल आणि जॉर्डन या दोघांकडेही. त्याआधी, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरेदारे सोडून निर्वासित झाले आणि त्यांना परतू दिले गेले नाही. पुढच्या काही वर्षांत अरब देशांतील ज्यूंवरही तीच वेळ आली, आणि १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास ज्यूंनी इराक सोडल्यावर अडीच हजार वर्षांची बगदादची वस्ती जवळजवळ संपली. आपले बेने इस्राएल इस्रायलला गेले ते छळाने नव्हे, ओढीने. तेथूनही ते ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढत राहिले.

नगरहून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेस गेले की राहुरी लागते, आणि देखावा एकदम हिरवा होतो. मुळा धरणाचे पाणी, ऊस, आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विस्तीर्ण क्षेत्र. भारताने इस्रायलला मान्यता १७ सप्टेंबर १९५० रोजी दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ ला जोडले. त्यानंतर दोन्ही देशांच्या सहकार्याने जी उत्कृष्टता केंद्रे निघाली त्यांपैकी डाळिंबाचे येथे आहे. ठिबकच्या काळ्या नळ्या, गादीवाफ्यांवर नेमक्या अंतराने लावलेली झाडे, थेंबाथेंबाचा हिशोब. हे तंत्र १९६५ साली नेगेव्हच्या वाळवंटातील हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीत उद्योग म्हणून उभे राहिले, आणि नगरच्या दुष्काळी तालुक्यांतील डाळिंबाच्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु त्या पाण्याचीही एक बखर आहे. गालिलीच्या सरोवराचे पाणी दक्षिणेस नेणारा इस्रायलचा मोठा कालवा १९६४ साली सुरू झाला. त्याच वर्षी अरब राष्ट्रांनी जॉर्डन नदीचे उगमाकडील प्रवाह वळवण्याचे ठरवले, इस्रायलने ती कामे तोफांनी आणि विमानांनी उद्ध्वस्त केली, आणि १९६७ च्या युद्धाच्या कारणांत ही पाण्याची झटापट मोजावी लागते. दुष्काळी वर्षी मुळा आणि भंडारदऱ्याचे पाणी जायकवाडीस सोडण्याचा हुकूम निघाला की नगरचा शेतकरी रस्त्यावर येतो, मराठवाड्याचा शेतकरी कोर्टात जातो, आणि दोघांचीही तहान खरी असते. मात्र येथे २००५ चा कायदा आहे, प्राधिकरण आहे, न्यायालय आहे, आणि त्यांचे म्हणणे दोघेही अखेर मानतात. जॉर्डनच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना मान्य होईल असा न्यायाधीश आजवर उभा राहिलेला नाही. त्या संघर्षाच्या मुळांत जमीन, वचनभंग आणि भय यांच्याबरोबर ही उणीवही मी धरतो, आणि ती धर्मग्रंथांपेक्षा कितीतरी पटींनी मोठी मानतो.

नगरच्या वाचकांना शेवटी एक विनंती आहे. भिंगारच्या १९३९ च्या छावणीविषयी सांगणारा फलक मला कोठे आढळला नाही. छावणीला भाजीपाला, दूध, धान्य पुरवणारी, तेथे शिंपीकाम किंवा कारकुनी करणारी घराणी या शहरात असतील. त्यांच्या पेटाऱ्यात एखादी पावती, हिशोबाची वही, एखादे छायाचित्र वा जर्मन अक्षरातली चिठ्ठी अजून असेल. ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय जुन्या दप्तरांच्या जतनाचे काम १९६० पासून करीत आले आहे. ते तेथे नेऊन द्या.